बोअरला पाणी का लागत नाही, आणि लागलेलं जातं कुठे

गावोगावी एक समज पक्का बसलाय की जमिनीखाली कुठेतरी पाण्याची नदी वाहते, तिची धार सापडली की झालं काम, आणि दोनशे फुटाला नाही सापडली तर चारशेला सापडेल, चारशेला नाही तर आठशेला. या एका समजापायी दर उन्हाळ्यात कितीतरी घरांचा पैसा जमिनीत जातो, सोनं गहाण पडतं, हातउसने वाढतात, आणि शेवटी वर येते ती फक्त धूळ. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. आपल्या दख्खनच्या पठाराखाली नदी नाही, तळंही नाही. आहे ते खडकातल्या बारीक भोकांत, चिरांत आणि कुजून भुसभुशीत झालेल्या मुरमात अडकलेलं थोडं पाणी. ते किती थोडं हे एकदा आकड्यात बघितलं ना, की विहीर, बोअर, ऊस, टँकर सगळ्याचा हिशोब वेगळाच दिसायला लागतो.

आधी खडक बघू, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि सपाट पसरत गेला. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं, आणि दोन लाव्ह्यांच्या मध्ये कधी कधी इतका काळ गेला की वरच्या थराची माती व्हायला लागली आणि मग तिच्यावर पुढचा लाव्हा आला. आज हा बेसॉल्ट पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलाय आणि महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग त्याच्यावरच बसलाय. जाडी मात्र सगळीकडे सारखी नाही. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी तिथे खोल भोकं घेतली तेव्हा रासाटीला बेसॉल्ट संपून खालचा जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागायला जवळपास ९३० मीटर खाली जावं लागलं, आणि १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या भोकात बेसॉल्ट ३३८ मीटरवरच संपला. विदर्भाच्या पूर्वेकडे गेलं की तो पातळ होत होत संपूनच जातो.

हे थर कसे असतात ते समजायला भाकऱ्यांची चवड डोळ्यासमोर आणा. प्रत्येक भाकरीला वर पापुद्रा असतो, फुगलेला, पोकळ, आणि खाली घट्ट भाग. लाव्ह्याचा थरही तसाच. गरम लाव्ह्यात वायू असतो, त्याचे बुडबुडे वर वर सरकतात, तोवर वरचा भाग थिजायला लागलेला असतो, आणि ते बुडबुडे तिथेच अडकतात. म्हणून थराचा वरचा भाग सच्छिद्र, त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. मधला भाग सावकाश थंड होतो, घट्ट होतो, तो काळा पाषाण. थंड होताना तो आकसतो म्हणून त्यात उभ्याआडव्या चिरा पडतात, कुठे भरपूर, कुठे जवळजवळ नाहीतच. आणि दोन भाकऱ्यांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी एक लाल मातकट थर सापडतो, तो गेरू. जुनी माती किंवा राख, वरून आलेल्या लाव्ह्याने भाजून निघालेली.

आता यात पाणी कुठे राहणार? पापुद्र्यात, म्हणजे मांजऱ्यात. पण इथे एक मेख आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. बुडबुड्यांची भोकं एकमेकांना जोडलेली असतीलच असं नाही. आणि बरीचशी भोकं नंतरच्या काळात खनिजांनी भरून गेलीत, त्याच आपल्या पांढऱ्या गारगोट्या, विहीर खोदताना निघणारे चकाकणारे झिओलाइटचे स्फटिक. (पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निळ्याधमक कॅव्हनसाइटचे गुच्छ सापडतात, जगभरचे संग्राहक त्यासाठी वेडे असतात, ते याच भोकांमधून आलेले.) तर भोकं भरलेली असतील तर पाणी राहणार कुठे? म्हणून मांजऱ्या कुजलेला असावा लागतो, चिरा गेलेला असावा लागतो, तरच त्यात पाणी साठतं आणि मुख्य म्हणजे सरकतं. घट्ट पाषाणात चिरांपुरतं. आणि सगळ्यात वरचा मुरूम, म्हणजे कुजलेला खडक, तो आपला सगळ्यात विश्वासू साठा. आपले पणजोबा-खापरपणजोबा पाच-सात परस (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची) विहीर खोदून थांबायचे ते काही त्यांना खोल जाता येत नव्हतं एवढ्यासाठीच नाही, त्या खोलीतच मुरूम आणि पहिला मांजऱ्या संपून खाली पाषाण लागायचा.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर सप्टेंबरात कुठल्याही घाटातून जाताना गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीकडे नीट बघा. माळशेज, कसारा, वरंधा, कुठलाही घाट चालेल. पाऊस दोन दिवस थांबलेला असला तरी दरडीवर एका ठराविक उंचीवर ओली रेघ दिसते, तिच्यातून पाणी झिरपत असतं, शेवाळ आणि नेचे तिथेच वाढलेले असतात, आणि त्या रेघेच्या खालचा काळा कातळ बऱ्यापैकी कोरडा. ती रेघ म्हणजे वरच्या मांजऱ्याचा तळ. पाणी वरून मुरत आलं, खाली घट्ट पाषाण लागला, पुढे जाता येईना म्हणून आडवं सरकत बाहेर पडलं. सह्याद्रीतले बहुतेक झरे असेच, एकाच पातळीवर ओळीने. एकदा ही रेघ ओळखता यायला लागली की गावातल्या विहिरीही तशाच दिसायला लागतात, वरच्या वाडीच्या विहिरींना एका थराचं पाणी, खालच्या वाडीला दुसऱ्या थराचं.

आता बोअर. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं गावोगाव फिरली आणि त्यांनी खरंच लाखो लोकांना वाचवलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जिला आपण जीएसडीए म्हणतो, तीही त्याच काळातली. गावात जो हातपंप बघतो, इंडिया मार्क टू, त्याचं मूळ जालना आणि सोलापूरकडे तयार झालेल्या पंपांमध्ये आहे हे आपल्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. तेव्हाचा बोअर साधारण दोनशे फुटांच्या आतला, हाताने उपसायचा, पिण्यापुरता. त्याच भोकात पुढे सबमर्सिबल मोटार गेली आणि तिथून सगळं गणित फिरलं.

रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, चालू असताना बाजूला उभं राहून नुसती धूळ बघितली तरी पायाखालचा अख्खा भूगोल कळतो. आता महाराष्ट्रात फिरणाऱ्या बऱ्याच रिग तमिळनाडूतल्या, तिरुचेनगोडकडच्या, पोरं तमिळ, एजंट आपल्याकडचा. कॉम्प्रेसर सुरू होतो, आधी काळी-तपकिरी माती उडते, मग पिवळट मुरूम. तो संपेपर्यंत केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, उतरवतात. मग करडी-काळी बारीक पीठासारखी धूळ, कोरडी, म्हणजे पाषाण लागला, आणि हॅमरचा आवाजही बदलतो, टणटणीत होतो. मग एकदम तांबडं काहीतरी येतं, तो गेरू. त्याच्या खाली फिकट हिरवट-जांभळट, मध्ये पांढरे ठिपके, तो मांजऱ्या. इथे सगळे पुढे सरकतात. धूळ उडायची थांबते, ओलसर ढेकळं पडायला लागतात, आणि नशीब असेल तर फवारा येतो. लगेच कुणीतरी बोलतं, पाण्याची धार दीड इंच आहे, दुसरा म्हणतो दोन सहज आहे. नसेल तर पुन्हा काळी धूळ. वीस फुटाचा एक रॉड, त्याच्यावर दुसरा, रात्रीचे दोन वाजलेले असतात, एजंट विचारतो, "अण्णा, अजून पाच रॉड मारू का? आता सोडला तर सगळं वाया." अण्णा मान हलवतात. दर फुटामागे पैसे आणि खोल जाईल तसा दर वाढत जातो. त्या क्षणी "थांबा" म्हणायला लागणारी ताकद कुणाकडेच नसते, कारण घरची सगळी तिथे उभी असतात.

पण खडकाचं म्हणणं वेगळं असतं. जेवढं खोल जाल तेवढा वरच्या दगडाचा दाब वाढतो, चिरा आवळल्या जातात, कुजलेला भाग संपलेला असतो, आणि पाणी लागायची शक्यता वाढत नाही, घटत जाते. खाली कधीच पाणी लागत नाही असं मी म्हणत नाही. सहाशे फुटावर एखाद्या थराचा पापुद्रा चांगला फुटलेला असतो आणि तिथे भरपूर पाणी लागतं, अशी उदाहरणं प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्या एका उदाहरणाच्या जोरावर पुढचे वीस बोअर मारले जातात. प्रश्न असा आहे की ते पाणी तिथे पोचलं कसं आणि उपसल्यावर पुन्हा किती वर्षांनी पोचणार. वरच्या मुरमात दर पावसाळ्यात पाणी भरतं. सहाशे फुटावरच्या थरात ते आडवाटेने, चिराचिरांतून, फार सावकाश जातं. म्हणून पहिल्या वर्षी दोन इंच, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी मोटार तासाभरात हवा मारायला लागते. बोअर खराब झाला असं आपण म्हणतो, पण बोअर जागच्या जागीच असतो, साठलेलं होतं ते संपलेलं असतं.

आता आकडे. हे जरा सावकाश वाचा, सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

जमिनीखालचा एक घनमीटर खडक पाण्याने पूर्ण भरलेला आहे असं धरा. त्यातून उपसून प्रत्यक्ष किती पाणी मिळतं? उत्तर भारतातल्या वाळूच्या गाळात साधारण दहा ते सोळा टक्के. आपल्या कुजलेल्या, चिरा पडलेल्या बेसॉल्टमध्ये एक ते तीन टक्के. घट्ट पाषाणात एक टक्काही नाही. आपण दोन टक्के धरू. एक एकर जमीन, तिच्याखालची पाणीपातळी एक मीटरने खाली गेली, तर किती पाणी मिळालं? साधारण ८० हजार लिटर. दहा हजाराचे आठ टँकर. एवढंच. एका एकराखालची पातळी एक मीटर उतरवून आठ टँकर.

आणि पाच एचपीची मोटार ताशी १५ ते २० हजार लिटर काढते, म्हणजे हे आठ टँकर चार-पाच तासांत संपतात.

आता पिकाकडे वळू. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटर तरी पाणी लागतं, एकरी ८० लाख लिटर. म्हणजे फक्त भूजलावर एक एकर ऊस काढायचा तर शंभर एकर जमिनीखालची पातळी एक मीटरने खाली न्यावी लागते. यातलं काही पाणी पावसातून मिळतं, काही पुन्हा जमिनीत मुरतं, ठिबक असेल तर बरीच बचत होते, हे सगळं धरून अर्धं करा. तरी पन्नास एकर. शेजाऱ्यांच्या पन्नास एकरांखालचं एक मीटर पाणी एका एकर उसात. हरभऱ्याला एक पाणी सहा सेंटीमीटरचं धरलं तर एकरी अडीच लाख लिटरच्या आत, दोन पाणी म्हणजे पाच लाखांच्या आत. तेवढ्याच ८० लाखांत सोळा एकर हरभरा. मी उसाच्या विरोधात नाही, कॅनॉलवर ऊस करणाऱ्याचं गणित वेगळं. पण पाचशे मिलिमीटर पावसाच्या भागात बोअरवर ऊस म्हणजे कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यातून जातो, आणि हे बोललं गेलं पाहिजे.

भरण्याचा हिशोबही तसाच गमतीशीर आहे. बेसॉल्टमध्ये पडलेल्या पावसाच्या साधारण ७ ते १३ टक्के पाणी खाली पोचतं असं भूजलाचे सरकारी हिशोब धरतात. ५०० मिलिमीटर पाऊस झाला, त्यातलं दहा टक्के म्हणजे ५० मिलिमीटर मुरलं. दोन टक्के जागा असलेल्या खडकात ५० मिलिमीटर पाणी गेलं की पातळी अडीच मीटर वर येते! तेवढंच पाणी वाळूच्या गाळात गेलं असतं तर पातळी फूटभर वर आली असती. म्हणूनच आपल्या विहिरी एका चांगल्या पावसात तुडुंब होतात आणि आपल्याला वाटतं, चला, आता दोन वर्षांची ददात मिटली. विहीर तुडुंब दिसते याचं कारण खालची जागाच लहान आहे. लहान साठा पटकन भरतो आणि पटकन रिकामा होतो.

इथे पंजाबशी तुलना केली की आपला प्रश्न स्वच्छ समजतो. पंजाबात खाली शेकडो मीटर गाळ आहे, तिथली पातळी बऱ्याच भागात दरवर्षी अर्धा-एक मीटर खाली चाललीय, उपग्रहांच्या मोजणीतही वायव्य भारतातली ती घट स्पष्ट दिसली, पण शेतकऱ्याला त्या वर्षी पाणी मिळतं, कारण साठा मोठा आहे. त्यांचं संकट वीस-तीस वर्षांनी पूर्ण ताकदीने येईल. आपल्याकडे अनेक वर्षांची तूट मागे टाकायला जागाच नाही, वरच्या थरात जेमतेम वर्षा-दीड वर्षाचं पाणी मावतं, त्यामुळे आपलं संकट दर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. ऑक्टोबरात भरलेलं आणि उन्हाळ्यात कोरडं. म्हणून "पातळी किती वर्षांत किती खाली गेली" यापेक्षा आपल्याकडे "यंदा पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरलं" हा प्रश्न जास्त खरा आहे, माझं तरी हेच मत आहे, आणि दहा वर्षांच्या सरासरीचे आलेख दाखवून गावाला धीर देणारे लोक हे लक्षात घेत नाहीत.

यात बोअरने अजून एक घोळ घातला. पूर्वी थर एकमेकांपासून वेगळे होते, मध्ये घट्ट पाषाण किंवा गेरू. बोअर म्हणजे त्या सगळ्या थरांमधून आरपार गेलेलं भोक, आणि केसिंग फक्त वरच्या वीस-चाळीस फुटांना. त्याच्या खाली भोक उघडं. मग वरच्या मांजऱ्यातलं पाणी भोकाच्या कडेने खालच्या रिकाम्या थरात पडत राहतं. शांत रात्री मोटार बंद असताना बोअरच्या तोंडाला कान लावला तर बऱ्याच ठिकाणी आत पाणी पडल्याचा आवाज स्पष्ट येतो. लोकांना तो ऐकून आनंद होतो की झरा चालू आहे. तो झरा म्हणजे बऱ्याचदा शेजारच्या काकांच्या विहिरीचं पाणी असतं. गावात बोअर वाढले की विहिरी आटतात त्यामागे नुसता उपसा नाही, हेही आहे. आणि ओढ्याचं पाणी? दिवाळीपर्यंत, कुठे कुठे संक्रांतीपर्यंत वाहणारा ओढा पावसाच्या पाण्यावर वाहत नसतो, तो याच वरच्या थरांतून झिरपणाऱ्या पाण्यावर वाहतो, पातळी ओढ्याच्या तळाखाली गेली की ओढा बंद.

खोलच्या पाण्याचा दर्जा हाही विषय आहे. पाणी खडकाशी जितका जास्त काळ राहतं तितके क्षार जास्त. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइडचा त्रास आहे, पोरांचे दात पिवळे-तपकिरी होतात, मोठ्यांचे सांधे धरतात. पिण्यासाठी नवीन बोअर घेतला असेल तर पाणी एकदा तपासून घ्याच, जिल्ह्याच्या आणि उपविभागीय प्रयोगशाळांत ही सोय असते.

पाणाड्याबद्दल विचारलं जातंच. नारळ उभा राहतो, काडी फिरते, आणि पाणीही लागतं, मग खोटं कसं म्हणायचं? एक तर चांगले पाणाडे आयुष्यभर त्या भागात हिंडलेले असतात, उतार कुठे आहे, उंबर कुठे आहे, उन्हाळ्यात हिरवळ कुठे टिकते, कुणाच्या विहिरीला किती परसावर काय लागलं हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं, आणि त्या निरीक्षणाला मी मानतो. दुसरं म्हणजे ओढ्याकाठच्या सखल जागेत मुरूम जाड असेल तर कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच. नारळ हातात उभा राहणं आणि जमिनीखालचं पाणी यांचा संबंध मात्र कुठल्याही नीट घेतलेल्या चाचणीत टिकलेला नाही. मशीनवाल्यांचंही आंधळेपणाने मानू नका. जमिनीत चार खुंट्या रोवून वीज सोडतात आणि खडक विजेला किती अडवतो ते मोजतात. कोरडा पाषाण फार अडवतो, ओला मांजऱ्या कमी. पण गेरू आणि चिकण मातीही कमीच अडवतात, पाणी देत नाहीत. तेव्हा नुसता आकडा कमी आला म्हणून पॉइंट काढून देणारा आणि आजूबाजूच्या विहिरी बघून, थर समजून घेऊन सांगणारा, या दोघांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आणि कुणी छातीठोक सांगितलं की ७४० फुटावर अडीच इंच लागेल, तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा.

सगळीकडे हीच गोष्ट लागू नाही हेही सांगायला हवं. धुळे-नंदुरबारकडे लाव्हा जिथून वर आला त्या भेगा दगडाने भरून उभ्या भिंती तयार झाल्यात, त्यांना डाइक म्हणतात, मैलोनमैल सरळ रेषेत जाणाऱ्या टेकड्या दिसतात त्या याच. अशी भिंत जमिनीखाली पाणी अडवते, तिच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकतं आणि पलीकडे शंभर फुटांवर कोरडं. कुठे कुठे डाइकच चिरलेला असतो, मग उलटं होतं. जळगावकडे यावल-रावेरला तापीचा खोल गाळ, तिथलं गणित केळीसकट वेगळं. अकोला-अमरावती-बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणी आहे पण खारं. गोंदिया-गडचिरोलीला खडकच वेगळा.

पाणी अडवायच्या कामांतही थर बघावेच लागतात. डोंगरावर सलग समतल चर घेतले, ओघळी बांधल्या, की पाणी मुरायला वेळ मिळतो, ते उत्तमच. पण पाझर तलाव घट्ट पाषाणावर बांधला तर पाझरणार काय? तिथे पाणी नुसतं उभं राहतं आणि उन्हाने उडून जातं. नाला खोलीकरणही तसंच. गाळ काढला, मुरूम मोकळा झाला, छान. पण पोकलेन अजून खाली घालून पाषाणात खड्डा केला तर तळं झालं, मुरवण नाही, आणि मांजऱ्याच कापला गेला तर बाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं. आणि प्लास्टिकचं शेततळं पावसाच्या पाण्याने भरायच्या ऐवजी बोअरने भरायचं, हे तर मला बघवत नाही. जमिनीखाली झाकून ठेवलेलं पाणी वर काढायचं आणि मे महिन्याच्या उन्हात उघडं ठेवायचं, वर्षाकाठी दीड-दोन मीटर नुसतं वाफ होऊन जातं. शेतकऱ्याची अडचण मी समजतो, खाली ठेवलं तर शेजारी उपसेल ही भीती खरी आहे. पण ती भीती घालवायचा रस्ता सगळ्यांनी मिळून ठरवण्याचा आहे.

आणि तो रस्ता लोकांनी काढलेलाही आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर पाणलोटाची कामं झाली हे सगळ्यांना माहितीये, पण माझ्या मते तिथली खरी गोष्ट पुढची आहे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि पावसाळा संपला की गावात झालेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिण्याचं आणि जनावरांचं आधी बाजूला काढायचं, उरलेल्यात रब्बीला किती क्षेत्र ते ठरवायचं. पाऊस कमी असेल त्या वर्षी कमी पेरायचं. साताऱ्याच्या रणदुल्लाबादनेही बोअर नको, विहिरीच ठेवायच्या, असं ठरवून खालचा थर समजून घेत काम केलं. कायदाही आहे, २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरीला डीप वेल धरतो आणि तिच्यावर बंधनं घालतो, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर त्याच्या आधीच्या १९९३ च्या कायद्यापासून बंधन आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आज गावात उभ्या असलेल्या रिगला विचारा किती फुटावर आहे, मग कायद्याची अंमलबजावणी किती होते ते कळेल. मला वाटतं कायद्याने हे थांबणार नाही, गावाला स्वतःच्या पायाखालचे थर आणि आकडे माहीत झाले तरच थांबेल.

त्यासाठी मोठा खर्च नाही. जीएसडीए हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतं, पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे मध्ये. तेच आपल्या विहिरीला करायचं. काठावर रंगाने एक खूण करा, दर वेळी तिथूनच मोजायचं. टेपला वजन बांधून सकाळी मोटार लावायच्या आधी पाण्यापर्यंतचं अंतर घ्या आणि वहीत लिहा. तळ किती खोल आहे तेही एकदा मोजून ठेवा. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे साधारण २९ हजार लिटर. मोटारीने पाणी खाली गेल्यावर ती बंद करा आणि पुन्हा एक मीटर चढायला किती तास लागले ते बघा. चार तास लागले तर विहिरीची खरी आवक ताशी सात हजार लिटर, आणि मोटार काढतेय पंधरा-वीस हजार. म्हणजे मोठी मोटार बसवून काहीही वाढणार नाही, विहीर फक्त लवकर उपसली जाणार. हे एक माप बघून मोटार बदलायचा आणि बोअर मारायचा विचार सोडून दिलेले लोक मी बघितलेत.

एकट्याच्या विहिरीचा आकडा अपुरा असतो. वरच्या अंगाच्या दोन, मधल्या दोन आणि ओढ्याकाठच्या दोन अशा सहा विहिरी घ्या, गावातल्या शाळेत एक साधं पर्जन्यमापक ठेवा, दहावीच्या पोरांना सांगा, ती आपल्यापेक्षा नीट नोंदी ठेवतात. बोअर होतोच असेल कुठे तर त्याची धूळ दर रॉडला थोडी थोडी कागदावर ओळीने मांडून फोटो काढून ठेवा, किती फुटाला मुरूम संपला, गेरू कुठे, मांजऱ्या कुठे, पाणी कुठे. असे पाच-सहा बोअर झाले की गावाच्या खालचे थर कागदावर मांडता येतात, आणि पुढच्या माणसाला "इथे साडेतीनशेच्या खाली नुसता पाषाण आहे, अण्णा, थांबा" असं पुराव्याने सांगता येतं. पहिलं माप दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत घ्या, पाऊस संपलेला असतो आणि रब्बीच्या मोटारी अजून सुरू झालेल्या नसतात. एकदा त्या सुरू झाल्या की भरलेली पातळी नेमकी किती होती ते पुढच्या वर्षीपर्यंत कळत नाही.